मोहनशेठ, तुमचं गाव कुठलं?

एका माणसाबरोबर वीस वर्षं वॉर्ड हिंडलं की किस्से पोत्यानं जमतात. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर नगरसेवक मोहनशेठचा विषय निघाला की तासभर कुणी उठत नाही. मीही हसतो. हल्ली हसताना जरा खाली बघतो, इतकंच.

मोहनचे वडील राजस्थानातून आले आणि कोल्हापुरात रंगाचं दुकान टाकलं. मोहन माझ्याच वर्गात होता. पहिल्या निवडणुकीत विरोधकानं भर सभेत विचारलं, "पावणं, तुमचं गाव कुठलं?"

मोहननं माइक ओढला. "ह्याच वॉर्डातला की मी! जन्मच हितला. तुमी गारगोटीस्नं कवा आलासा?"

विरोधकाला भाषण गुंडाळावं लागलं!

*

तालमीच्या जेवणाला मटण. मोहन पक्का शाकाहारी, तरी पांढऱ्या रश्श्याची बादली घेऊन पंगतीत फिरायचा. तालमीतले सगळ्यांत वडीलधारे नाना एकदा म्हणाले, "शेठ, मीठ बरोबर हाय न्हवं?"

"नाना, वास तरी बरोबर हाय!"

पंगतीला ठसका लागला. त्याच्यासाठी वेगळी भाजी करावी, हे वीस वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. तो घरी जाऊन जेवायचा.

*

महापुरात मोहन कमरेइतक्या पाण्यात उभा राहून लोकांना बोटीत बसवत होता. गल्लीतल्या आक्का बसेनात. "माझी म्हस ऱ्हायली की रं!"

"आक्का, म्हशीला पवता येतंय, तुमास्नी न्हाय! बसा!"

आक्का बसल्या. म्हशीचा दोर धरून तोच पाण्यातून गेला. मी गच्चीवरून व्हिडिओ काढत होतो.

*

तालमीत सभासदांच्या नावांची पाटी लावली. रंग मोहनच्याच दुकानातला, फुकट! पेंटरनं विचारलं, "शेठचं नाव कुठं लिवू?"

"देणगीदारांत," आम्ही एका सुरात.

सगळ्यांत मोठ्यानं मोहनच हसला. "बरं झालं! देणगीदाराला जोर-बैठका न्हाईत!"

*

यंदा उमेदवारी ठरवायला पक्षाचे निरीक्षक तालमीत आले. मोहनला पुन्हा तिकीट हवं होतं आणि काम बघता दुसरं नावच नव्हतं. मोहन चहा आणायला बाहेर गेला आणि नानांनी आपल्या पुतण्याचं नाव पुढं केलं. "शेठनं काम केलं, न्हाय कोन म्हनतंय? पर आता आपला मानूस पायजे."

"मान्य असेल त्यांनी हात वर करा," निरीक्षक म्हणाले.

एकेक हात वर गेला. मी इकडंतिकडं बघितलं आणि माझाही वर केला. सांगायला लाज वाटते, कुणी धरून वर केला नव्हता.

दारात मोहन उभा. हातात किटली. त्यानं सगळीकडं बघितलं, माझ्याकडं जरा जास्तच वेळ.

"आयला, एवढ्या जनांस्नी चा पायजे व्हय?" तो म्हणाला. "बसा, बसा. अजून आनतो की!"