खोटे मणी

नाटक कंपनीच्या कपडेपटात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऐन प्रयोगात राणीचा हार तुटला, तर पुढचा प्रवेश सुरू व्हायच्या आत ती तो असा ओवून द्यायची, की पहिल्या रांगेलाही पत्ता लागू नये. म्हणूनच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एचआयव्हीची गोळी समजावली, ती तिला झटकन कळली. हा विषाणू मण्यामागून मणी ओवत स्वतःची नक्कल करतो, बाई म्हणाल्या. या गोळीतला मणी हुबेहूब खऱ्यासारखा, फक्त त्याला पुढचं भोक नाही. तो माळेत शिरला, की माळ तिथेच अडते.

"म्हणजे आमच्याच धंद्यातला," मावशी म्हणाली.

नवरा कंपनीत दिव्यांचं काम बघायचा. आजार त्यालाही असणार, हे दोघं जाणून होती. पण तपासणीचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. दवाखान्याच्या त्या रांगेत कुणी पाहिलं, तर उद्यापासून कुणी जवळ बसणार नाही, ही धास्ती. मग मावशी धागे कापायच्या पात्याने रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या गोळीचे दोन तुकडे करायची आणि त्यातला मोठा त्याच्या हातावर ठेवायची. एकही वेळ कधी चुकली नाही.

दीड वर्षाने तिचा रिपोर्ट बिघडला. गोळ्या चुकल्या का, बाईंनी विचारलं. ती नाही म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. इकडे नवऱ्याचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबू लागला. तेव्हा तिने जाऊन बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाईंनी तिचा रिपोर्ट पुन्हा समोर ओढला. "मावशी, अर्ध्या गोळीने विषाणू अडत नाही. त्याची तालीम होते. तुमचा खोटा मणी आता त्याला लांबूनच ओळखू येतो."

दुसरं औषध होतं. पण ते ज्याचं त्याने येऊन घ्यायचं.

"अहो, दोघांचंही औषध मी वाया घालवलं," घरी येऊन ती म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर चला."

"लोक बघतील गं."

"बघू देत. जन्मभर दुसऱ्यांवर उजेड पाडलात. एक दिवस स्वतः उभे राहा."

तो गेला. भर दुपारी रांगेत तोंड न झाकता उभा राहिला, नाव पुकारल्यावर ओ दिली. पण शरीरात काही उरलंच नव्हतं. नवं औषध त्याला जेमतेम तीन आठवडे मिळालं.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मावशीने सवयीने पातं उचललं. हातात गोळी होती, अख्खी. तिने पातं डब्यात ठेवलं आणि पाण्याचा पेला भरला.