घरात सिस्टर असताना

माझी थोरली जाऊ जयमाला नर्स, म्हणजे अख्ख्या चिखलीची फुकटची सिस्टर. कुणाचं सलाइन, कुणाचं ड्रेसिंग. लोक थेट आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. दोन वर्षांपूर्वी तिने मोठ्या दवाखान्यातली नोकरी सोडली, तळवड्यात एका कंपनीच्या प्रथमोपचार खोलीत बसू लागली आणि सुई धरणंच बंद केलं. लोक म्हणाले, शेफारली. फुकट ते पौष्टिक मिळेनासं झालं की जिभा अशाच चालतात.

पण ती वॉर्डासाठी झुरायची, ते मला दिसत होतं. जुना युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून पुन्हा कपाटात ठेवायची. रुग्णवाहिकेचा आवाज आला की भाकरी तव्यावर टाकून दारात.

यंदा आमच्या सासूबाई गोजाबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी दुखणं थांबवायची इंजेक्शनं लिहून दिली. कुलदीपभाऊजींनी ती आणून जयमालाताईपुढे, आपल्या बायकोपुढे, ठेवली.

"घरात सिस्टर असताना बाहेरची कशाला?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नाही देणार. हे आधी माझ्यासमोरून न्या. मी हेच टोचून घ्यायचे."

मग ती बोलतच सुटली. डबल ड्यूटी करून कंबर मोडायची. पेशंटला अर्धं औषध लागलं की उरलेलं दुसऱ्या सिस्टरसमोर फेकायचा नियम. पण ते तिने खिशात टाकलं तरी जयमालाताईवर संशय कोण घेणार? आधी कंबरेसाठी टोचून घ्यायची, मग सवय लागली, कंबर दुखत नसतानाही. पकडली गेली, उपचार घेतले, आम्हाला सांगितलं ट्रेनिंगला जातेय.

"आन् हे आत्ता सांगतीयस?" भाऊजी भडकले. मला त्यांचाच राग आला. आमच्या घरात हे ऐकून घेतलं असतं कुणी?

"कुलदीप, गप," सासूबाई कण्हत म्हणाल्या. "दवाखान्यातल्या वर्षालीला बोलाव."

वर्षाली सिस्टर आली. तिने सुई भरली तेव्हा ताईने तोंड फिरवलं.

"अजून हवंसं वाटतंय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"वाटतं, आत्या. पण त्याहून जास्त माझा वॉर्ड हवासा वाटतो."

"मग हितं बस. मी पेशंटच हाय की. सुई ऱ्हाऊ दे दुसरीकडं."

ताईने डोळे पुसले, पदर खोचला, उशाशी बसली आणि कितीतरी दिवसांनी तिच्या वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "कुठं दुखतंय, आत्या? मला सांगा."