ठिपक्याची शेवटची सोबत

आमची खेचरांची कंपनी तेव्हा आसामच्या डोंगरात होती. पहाटे परेड, मग खरारा, दाणापाणी, आणि दिवसभर दारूगोळा लादून चढण. रिसोडचा दगडू आणि मी एकाच सेक्शनचे. तो झोपेतसुद्धा खेचराला वऱ्हाडीत शिव्या घालायचा. आघाडीवर जायच्या आधी आळीपाळीने रजा मिळाली. माझी पाळी आली आणि मी धनजला घरी आलो.

दारात आमचा कुत्रा ठिपक्या होता, पण तो उठला नाही. मला मिसरूड फुटायच्या आधीपासूनचा हा गडी. मी बाजाराला निघो की फौजेत, शिवेवरच्या नाल्यापर्यंत सोबत यायचा, मी दिसेनासा झालो की परत फिरायचा. आता त्याची कंबर गेली होती, डोळे पांढुरके झाले होते. त्याने माझा हात चाटला. मला भडभडून आलं. लोकांना वाटतं फौजी माणूस दगड असतो. काहीतरीच!

रजाभर मी त्याच्याजवळच बसलो. दुधात कण्या भिजवून बोटाने भरवल्या. शेवटी त्याने तेही सोडलं.

"तुयासाठीच जीव धरून हाये तो," माय म्हणाली.

निघायच्या सकाळी ती हळूच बोलली, "बूट हातात घे. आवाज आयकला त उठाले पाहीन. अन् उठनं होत नाही त्याच्यानं."

"त्याले न भेटता जाऊ?"

"भेटशीन त जाशीन कसा?"

मायची ऑर्डर. बूट गळ्यात अडकवून परसदाराने निघालो, गस्तीवर चालतात तसा, टाच न वाजवता. नाल्याशी बसून पायाला पट्ट्या गुंडाळत होतो, तोच मायची हाक आली. मागे पाहिलं. पऱ्हाटीच्या शेतातून ठिपक्या येत होता, पुढच्या दोन पायांवर, मागचं अंग ओढत. त्याच्या मागे माय रडत येत होती.

मी धावलो. जखमी जवानाला घेतात तसं त्याला खांद्यावर घेतलं आणि नाल्यापर्यंत आणलं. त्याचा नेम मोडायचा नव्हता. बाभळीखाली बसलो, डोकं मांडीवर घेतलं. सडकेवर मोटरचा भोंगा वाजला.

"जाय आता," माय म्हणाली. "मोटर चालली."

"जाऊ दे."

मोटर गेली. तिच्याबरोबर कारंज्याची आगगाडीही हुकली. ऊन चढायच्या आत ठिपक्या गेला. मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याला तिथेच पुरलं.

कंपनीत एक दिवस उशिरा पोचलो. सुभेदारसाहेबांसमोर पेशी झाली.

"लेट क्यूँ?"

"घर में मौत हुई, साब."

"कौन?"

"कुत्ता, साब."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "मिट्टी दी?"

"जी, साब."

"अच्छा किया. सात दिन फटीग. डिसमिस!"

सात दिवस जादा मेहनतीची शिक्षा ऐकून बाहेर दगडू माझ्यावर उखडला. "लेका, माय मेली म्हनाचं ना!"

"चांगल्या मायले काहून मारू?"

तो इतका हसला की त्याचं खेचर बिचकलं.

मग आम्ही आघाडीवर गेलो. एका चढणीवर तोफगोळा पडला. दगडू गेला, त्याचं खेचरही गेलं. वायरलेसवर हुकूम आला, "थांबू नका. पुढे चला." मी त्याच्या तोंडावर कांबळं टाकलं आणि चाललो. त्या वाटेने आम्ही परत आलो नाही.

लढाई संपल्यावर रिसोडला त्याच्या घरी गेलो. त्याच्या म्हाताऱ्या मायने एकच विचारलं, "माया दगडूले माती कोनं देल्ली?"

"म्या देल्ली, माय."

"कुठी?"

"नाल्याच्या काठी. बाभळीखाली. चांगल्या लुगड्यात गुंडाळून देल्ली."

तिने माझे दोन्ही तळहात हातांत घेऊन आपल्या डोळ्यांवर धरले, आणि मी ते सोडवून घेतले नाहीत.