सरलाकाकूंची काजळाची डबी

आमच्या देवासच्या गल्लीत कुणाकडे बाळ जन्मलं की डिंकाचे लाडू, शेकशेगडी आणि काजळ हे सगळं सरलाकाकूंकडून यायचं. मागायची गरज नाही आणि नको म्हणायची हिंमत कुणात नाही! त्यांच्या घराण्याचे लोक मराठ्यांच्या दरबाराबरोबर इकडे आले, घोड्यांना नाल ठोकायला. घोडे गेले, संस्थान गेलं, एक चांदीची काजळाची डबी तेवढी राहिली, आणि काकूंना तिचा तोरा असा की जणू संस्थान अजून चालू आहे. एरंडेलाच्या दिव्यावर ताम्हन पालथं घालून त्या काजळी धरायच्या, तुपात खलायच्या आणि सकाळी ओट्यावर बसायच्या. समोर गल्लीतली पोरं, पोरांमागे त्यांच्या आया. एक डबी, एक बोट, आणि सगळ्यांचे डोळे.

अशात एका पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली. पहिले डोळे आले ते समोरच्या गुड्डीचे. गुड्डी घरोघर जाऊन बांगड्या भरते. आता आलेल्या डोळ्यांकडे बघितलं की आपलेही येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गल्लीने काळे गॉगल आणले. काकूंचे यजमान, अण्णा, गॉगल लावून पूजेला बसायचे आणि गणपतीच्या दूर्वा दत्ताला वाहायचे. गुड्डी रस्त्यावर दिसली की आम्ही भिंतीकडे तोंड करायचो. हो, मीसुद्धा. मग गॉगल कपाळावर चढवून सगळे काकूंपुढे रांगेत बसायचो, कारण काजळाने डोळ्यांना थंडावा मिळतो.

साथ काही हटेना. हटेल कशाला, इतकी चांगली सोय कुठे मिळणार?

काकूंची एकुलती एक मुलगी कल्पना तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ज्या सकाळी दवाखान्यात तिला मुलगी झाली, त्याच सकाळी काकूंचे डोळे चिकटून बसले. तरी बाई गॉगल लावून निघाल्या. मी शेजारीण, सोबतीला गेले. खोलीच्या दारातच डॉक्टरीणबाईंनी अडवलं.

"मी बाळाकडे बघणारच नाही," काकू म्हणाल्या. "मान फिरवून बसते. नुसतं मांडीवर द्या."

"माँजी, उलटा है," डॉक्टरीण हसली. "देखो जितना देखना है. देखने से कुछ नहीं होता. हाथ मत लगाओ." तिने समजावलं की रोग नजरेतून जात नाही, हातातून जातो. आपण डोळा चोळतो, तोच हात टॉवेलला, उशीला, दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. गॉगल लावून तो अडत नाही. साबणाने हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. मग तिचं लक्ष काकूंच्या गॉगलखालून ओघळलेल्या काळ्या रेघेकडे गेलं. "काजल लगाती हो?"

"घरचं आहे! सगळ्या गल्लीला मीच घालते."

"एक ही डिब्बी से?"

"डबी चांदीची आहे," काकू ताठ मानेने म्हणाल्या.

"और उंगली?"

काकूंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग गॉगल काढला आणि दारातूनच नातीकडे बघत राहिल्या. पापणी लवेना. मला त्यांची फार दया आली.

रिक्षात मला वाटलं, आता घरी जाऊन डॉक्टरणीचा उद्धार होणार. पण काकू ओट्यावर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात सगळी गल्ली गोळा केली, चार हात लांबून.

"गुड्डीकडे बघून कुणाचे डोळे आले नाहीत. माझ्या बोटाने आले. आजपासून रांग बंद! आणि गुड्डी, तुझ्याकडे पाठ फिरवली, माझं चुकलं गं बाई."

गुड्डी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वो तो ठीक है काकी. चूड़ी पहनोगी के नी?"

"पहनूंगी, पहनूंगी. आँख बरी झाल्यावर!"

काकूंचे डोळे बरे होईपर्यंत बाळ-बाळंतीण माझ्याकडे उतरली. आमच्या दोन अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत. काकू पलीकडून गॉगलबिगल न लावता डोळे भरून नात बघायच्या आणि माझ्या घराचा कारभार चालवायच्या. माझ्या नळाला त्यांनी दोरीने साबणाची वडी बांधायला लावली. धारहून जावई आले, पीथमपूरच्या कंपनीत साहेब आहेत, ते थेट पाळण्याकडे निघाले तर भिंतीपलीकडून गर्जना झाली, "विपुलराव, हात!" बिचारे जोडे घालून नळाकडे पळाले.

बारशापर्यंत काकूंचे डोळे निवळले आणि डॉक्टरणीने मोकळीक दिली. काकूंनी कोपरापर्यंत हात धुतले, कोऱ्या पंच्याला पुसले. बारशाचा थाट माझ्याच घरी. काकूंच्या घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या पार्वती आत्याबाईंनी पाळण्यात पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"सरले, पोरीच्या डोळ्यांत काजळ नाही? नजर लागेल हो. डबी कुठाय तुझी?"

आत्याबाईंचा शब्द त्या घरात कुणी मोडलेला नव्हता. कल्पना आईकडे बघू लागली. काकूंनी कमरेची डबी काढली. उकळून, घासून लख्ख केलेली. बोटावर काजळ घेतलं आणि पाळण्याच्या लाकडावर चांगली ठसठशीत तीट लावली.

"लागायची ती नजर पाळण्याला लागू दे, आत्याबाई. पोरीकडे तुम्ही खुशाल बघा."

आत्याबाई हसल्या आणि पदर खोचून नळाकडे गेल्या.

काकूंनी पुन्हा हात धुतले आणि नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. तिच्या इवल्याशा मुठीत आपलं तेच बोट दिलं. मला भरून आलं. डोळे पुसायला हात वर गेला, तेवढ्यात काकू ओरडल्या, "शिवानी! हात धुतलेस का?"