उद्यामास्तर वेळेवर

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे उद्यामास्तर म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. कधीही कपडे मागायला जा, मास्तर गळ्यातला टेप सावरत म्हणायचे, "उद्या. उद्या नक्की." माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे हे "उद्या नक्की" मी अठ्ठावीस वर्षं दिवसाला दहा वेळा ऐकलं आहे. गिऱ्हाईक चिडायचं, पाय आपटत निघून जायचं आणि दोन महिन्यांनी नवं कापड घेऊन पुन्हा त्यांच्याच पायरीवर उभं राहायचं. कारण मास्तरांच्या हातचा कोट अंगावर चढला की झुकलेला खांदासुद्धा सरळ दिसायचा.

आळशी म्हणावं तर तेही नाही. सकाळी नऊला मशीन सुरू व्हायचं. पण कुणाला नाही म्हणता यायचं नाही, आणि स्वतःची शिवण कधी पसंत पडायची नाही. एकच बाही तीनदा उसवत बसायचे. तोवर बाकीची कापडं गठ्ठ्यात.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीला जाहिरातींच्या एका कंपनीत नोकरी लागली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मास्तर दुपारी जेवायला घरी गेले, तर खुंटीवर एक नवा काळा कोट. त्यांनी तो उतरवला, सवयीने उलटा केला, अस्तर पाहिलं. टीप वाकडी, काजं ओबडधोबड.

"हा कुणी शिवला?"

"स्टेशनजवळच्या टेलरने," लेक म्हणाली.

"माझ्याकडे दिलं होतंस ना कापड?"

"दिलं होतं, बाबा. दीड महिना झाला. मला उद्या हवा होता. म्हणजे खराखुरा उद्या."

मास्तरिणीने आतून ताट आणून पुढ्यात ठेवलं. मास्तर म्हणतात, तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात येऊन बसले. म्हणाले, "आता बास. मी बदलणार." तीन आठवडे नवीन काम घेतलं नाही. जुना गठ्ठा फस्त केला. त्यात एका पोराची शाळेची पँट निघाली. ते पोर आता दाढी करतं.

लेकीलाही हुरूप आला. तिचं नवीन नवीन शिक्षण, त्यात पहिलं गिऱ्हाईक घरचंच. ती म्हणाली, "बाबा, नुसतं काम सुधारून चालत नाही. तुमचा ब्रँड 'उद्या' झालाय. आपली नवी ओळख ठरवायची आणि ती लोकांसमोर सतत मांडायची."

"मी काय साबण आहे?"

"उभे राहा, फोटो काढू."

माझ्या दुकानासमोर उभं करून तिने त्यांचे चाळीस फोटो काढले. एका हातात कातर, दुसरा हात घड्याळावर.

"हसा, बाबा."

"हसतोच आहे."

"डोळ्यांनी पण हसा."

"डोळ्यांनी सुई ओवतात," मास्तर करवादले.

कार्डं मीच छापली. दुकानावर नवी पाटी लागली: 'दिलेल्या दिवशी टेलर्स. तारीख म्हणजे तारीख.' गल्लीतून जाणारा जो तो पाटीखाली थांबायचा, वाचायचा आणि खो खो हसायचा. दोघांनी तर पाटीसोबत स्वतःचे फोटो काढून घेतले. मास्तरांना वाटलं, हसू देत. काम बघतील तेव्हा गप्प बसतील.

पण काम बघायला कोणी येईल तर ना! बँकेतल्या एका कारकुनाच्या पावतीवर गुरुवार लिहिलेला. गुरुवारी मास्तर सकाळपासून इस्त्री केलेल्या दोन पँटी हँगरला लावून दारात. संध्याकाळ झाली तरी कारकून फिरकला नाही. शुक्रवारी मास्तरांनी फोन लावला. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "काय झालं? कापड जळलं का?"

"जळलं नाही, तयार आहे!"

"तयार? बरं... मी दोन आठवड्यांनी येतो. तुम्ही गुरुवार म्हणालात म्हणून मी महिनाअखेर धरली होती."

सगळ्यांचं असंच. एका नर्सबाईंनी दहा तारखेला लग्नाला जायचंय असं सांगून घाई लावली. मास्तरांनी नऊलाच ब्लाउज तयार ठेवला. बाईंनी शांतपणे सांगितलं, "अहो, लग्न पंचवीसला आहे. तुमच्यासाठी दहा सांगितलं होतं." दुकानात तयार कपड्यांची रांग इतकी वाढली की येणारे-जाणारे बोट दाखवायचे, "बघा, अजून तसेच लटकताहेत."

मास्तर माझ्याकडे येऊन टेबलावर हात आपटायचे. "उशीर केला तरी बोंब, वेळेवर केलं तरी बोंब! माणसाने करायचं तरी काय?"

मी काय सांगणार? माझीच एक पँट त्यांच्याकडे चार दिवस तयार होऊन पडली होती.

मग आलं गणिताच्या सरांचं प्रकरण. सर त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त होणार होते, निरोप समारंभासाठी कोट शिवायला टाकला होता. समारंभ शनिवारी. मास्तरांनी बुधवारीच कोट पूर्ण केला आणि वाट बघण्याच्या फंदात न पडता स्वतःच सरांच्या घरी नेऊन दिला. मला ओढत घेऊन गेले, साक्षीदार म्हणून.

सरांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहराच पडला. आत सोफ्यावर एक रेडीमेड कोट पसरला होता, लेबलसकट.

"तुमच्यावर विश्वास नाही असं नाही," सर म्हणाले, "पण आपलं... असावा हाताशी."

मास्तरांचा तोल गेला. "अठ्ठावीस वर्षं उशीर केला, तेव्हा एक शब्द बोलला नाहीत! हसून पावती खिशात घालायचात. आता वेळेवर आणला तर हा घरात दुसरा कोट?"

सर सोफ्यावरचा कोट उचलून बाजूला ठेवू लागले. त्यांच्या बायको स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुलाच्या लग्नात यांनी भावाचा कोट घातला होता, मास्तर. बाह्या कोपराच्या जरा खाली. सगळ्या फोटोंमध्ये हे हात मागे घेऊन उभे आहेत. तुमचा कोट चार दिवसांनी मिळाला."

"मला कुणी सांगितलं नाही," मास्तर म्हणाले.

"सांगून काय झालं असतं?"

 मास्तरांनी हातातला कोट खुर्चीच्या पाठीवर नीट लावला, खांद्यावरचा एक दोरा वेचला आणि बाहेर पडले. अर्धी वाट झाल्यावर म्हणाले, "मला वाटायचं, लोक हसतात म्हणजे त्यांना चालतं."

शनिवारी सरांनी मास्तरांचाच कोट घातला. मला वाटलं, मास्तर खूश होतील. त्यांनी त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून पाटी उतरवली. लेक चिडली. "बाबा, दोन महिन्यांत ब्रँड बसत नाही! मेहनत आहे त्यात माझी."

"तुझी मेहनत चांगलीच आहे," मास्तर म्हणाले, "पण मी बदललो असं मीच ओरडून काय उपयोग? ज्यांचे फोटो बिघडले त्यांनी म्हणायला हवं."

"आणि ते कधी म्हणणार?"

"काय माहीत!" मास्तर वैतागून म्हणाले. "वाट बघायची आता माझी पाळी."

याला दीड वर्ष झालं. एकही तारीख चुकलेली नाही. मी शेजारी आहे, मला ठाऊक आहे. समोरच्या नव्या इमारतीतले लोक पावतीवरच्या दिवशी येतात, कपडे घेतात आणि जातात. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही, आणि मास्तरांना नेमकं तेच आवडतं. बँकेतला कारकूनही आता आठवडाभरच उशिरा येतो. नर्सबाई मात्र अजून खोट्या तारखा देतात. त्या खोट्या आहेत हे मास्तरांना कळतं, तरी ते दात-ओठ खात त्याच तारखेला काम पुरं करतात.

जे घ्यायला येतच नाहीत त्यांचे कपडे रविवारी सायकलला अडकवून ते घरोघरी पोचवतात. दार वाजलं की आतून अजूनही आवाज येतो, "अगं, उद्यामास्तर आलेत!" परवा मास्तरीण मला म्हणाली, "पूर्वी निदान रविवारी तरी घरात असायचे हो."