आईनं पदरात बांधलेला ओवा

गंगू, मी मंद्रूप सोडलं त्या सकाळी तू परकरी पोर होतीस. गाडी जुंपलेली, सोनी माझ्या काखेत, आणि आपली आई माझ्या पदरात ओवा बांधत बसलेली. "पोट दुकलं, ओवा चाव मिठासंगं. सर्दी झाली, पुरचुंडी उशाशी ठेव. पोर किरकिरलं, तव्यावर गरम करून पोटाला शेक दे. परमुलखात तुजं कोण हाय?" मी चिडलेच. आठ कोसांवरचं सोलापूर, त्याला परमुलूख म्हणतं का कुणी!

पण परमुलूखच निघाला, बाई. भोंगा झाला की मी गिरणीच्या कांडी खात्यात सूत गुंडाळायला, आणि सोनी चाळीतल्या म्हातारीजवळ. तान्ही पोर दिवसरात्र टाहो फोडायची. शेजारची यल्लव्वा म्हणाली, "कणभर अफू दे की. आमी समद्या देतो. भोंगा हुईपर्यंत उटत न्हाय." मी आठ दिवस नको म्हटलं. मग खात्यात उभ्या उभ्या डोळा लागला, मुकादमानं कामावरून घालवायची धमकी दिली, आणि मी पोरीला अफू दिली.

एकदा संध्याकाळी आले तर सोनी उठेचना. पाजायला घेतलं तर ओठ हलेनात. मला काय सुचावं? ओवा! तवा तापवला, पुरचुंडी केली, पोट शेकलं, तळवे शेकले, छातीवर चोळला. खोलीभर मंद्रूपचा वास, आणि पोर मातीच्या गोळ्यासारखी. अफू उतरवायला ओवा! पण मला आईनं तेवढंच शिकवलं होतं.

यल्लव्वानं ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलंत?" मी लाजेनं म्हटलं, "ओव्याचं पाणी." अगं, पोर मरायला टेकलेली, आणि मी अब्रू झाकत होते! यल्लव्वानंच खरं सांगितलं, म्हणून उपाय झाला. पहाटे सोनी रडली. तसलं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

गावाला मात्र मी निरोप धाडला, की पोर आजारी होती, आईच्या ओव्यानं वाचली. तेव्हापासून आई ज्याच्या त्याच्या पदरात ओवा बांधते. आता तू पोराला घेऊन गिरणीत लागायला येणार म्हणतेस, म्हणजे तुझ्याही बांधेल, आणि तू त्याच्या भरवशावर राहशील. म्हणून हे सांगते आहे. हे तिला कळू देऊ नकोस. म्हातारपणी तिचा ओवा तिच्याजवळ राहू दे.

मी बोलते आहे आणि सोनी लिहिते आहे. तिनं टाक खाली ठेवला. "आई, ही मीच का?" म्हणाली. "व्हय," म्हटलं, "लिही पुढं." तिनं डोळे पुसले, आता लिहिते आहे.

तू ये, गंगू. ओवाही आण, इथल्या बाजारातल्याला वास नाही. पण पोर कुणाच्या हवाली करू नकोस, माझ्याकडे ठेव. गुडघे गेले, गिरणी सुटली, मी दिवसभर घरीच असते. घर म्हणते खरं. मंद्रूप आता परकं वाटतं, आणि ह्या चाळीत जीव कधी रमला नाही. थकले बाई. पोर रडलं तर रडू देतात ते घर, मला एवढंच कळलं. तुझं पोर इथं खुशाल रडू दे. मी उचलीन.