काकूंकडचा हनुक्का

परभणीत आमच्यासारखी बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, घरं तीनच होती. हिवाळ्यात हनुक्का हा दिव्यांचा सण आला की तिन्ही घरं काकूंकडं जमायची. काकू म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. प्रार्थना काका म्हणायचे. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल आणि कापसाची वात. पहिल्या संध्याकाळी एक दिवा, मग रोज एक वाढवत आठ. थंडीनं खोबरेल गोठायचं, म्हणून बाटली दुपारी उन्हात ठेवायची. आई आत करंज्या तळायची.

आई जन्मानं आमच्यातली नव्हती. ती गंगाखेडच्या एका लिंगायत दुकानदाराची लेक. लग्न ठरवून ती घराबाहेर पडली, तेव्हा भावानं तिच्या गळ्यातलं लिंग काढून घेतलं. अजूनही ती बाजारात दिसली की तो तोंड फिरवून निघून जातो. काकूंचं घर हेच आपलं माहेर, असं ती सगळ्यांना सांगायची.

एका पावसाळ्यात वडील गेले. त्या वर्षी हनुक्क्याला जायची माझी इच्छा नव्हती.

"चार माणसांत बसलं की बरं वाटंल," आई म्हणाली.

तिसऱ्या संध्याकाळी दिवे लावायचा मान आमच्या घराकडं असायचा. वडील लावायचे. त्या दिवशी मी पुढं झाले, काडी पेटवली. काकूंनी माझं मनगट धरलं आणि फुंकर मारून काडी विझवली.

"तू नको. तुझा बाप होता तवर आमी काई बोललो न्हाई. आई आपल्यातली न्हाई, मग लेक कशी आपली?"

मी काकांकडं पाहिलं. ते प्रार्थनेच्या पुस्तकात बघत राहिले. तिसऱ्या घरातल्या नवराबायकोनंही मान वर केली नाही. आई पिठाच्या हातानं दारात आली.

"जाऊबाई, असं नका करू. बाप जाऊन चार महिने न्हाई झाले तिचा. मी इतकी वर्षं तुमच्या घरात तळायलेय."

"तळायला तुला कोण नको म्हणतंय?" काकू म्हणाल्या. "जा, करपायल्यात."

तिसऱ्या घरातली बाई हसली. लगेच तिनं तोंडावर पदर धरला, पण हसू ऐकू आलं होतं. आई आत गेली. आता ती गॅस बंद करील, मला हाक मारील आणि आम्ही निघू, असं मला वाटलं. तिनं सगळ्या करंज्या तळल्या, परातीत मांडल्या आणि बाहेर आणून प्रत्येकाला वाढल्या. काकूंना दोन जास्त वाढल्या.

घरी परतताना मी रिक्षात तिला विचारलं, "उठून का नाही आलीस?"

"उठून कुठं जायचं होतं?" ती म्हणाली.

पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही. मग तिसरं घर इस्राएलला गेलं. काका वारले. काकूंची मुलं आधीपासूनच तिकडं होती. गेल्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला. आईनं तो भाजी निवडता निवडता घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"माझे हात लय कापायलेत गं," काकू म्हणाल्या. "वात धरता येईना. दोघी या. पोरीला लावू दे दिवे."

आईनं मेथीची काडी मोडली. "तुमच्या लेकरांना बोलवा, जाऊबाई. तुमच्यातलीच हायेत ती."

मुलं येत नाहीत, फोनही करत नाहीत, हे सगळ्या परभणीला ठाऊक होतं.  काकू "बरं" म्हणाल्या.

"मी एकटी जाऊन येऊ का?" मी विचारलं.

"जा की," आई म्हणाली. "मग तिकडंच ऱ्हा."

तिनं मला मेथी धुवायला दिली. मी गेले नाही.